पातळ फरशी

आमचं शहाबादी फरशीचं दुकान हाय, भालकी तालुक्यात, खटकचिंचोळीच्या रस्त्याला. लग्न होऊन आले तव्हापासून मी दगडातच हाय. सासऱ्यांनी पहिल्यांदा शिकवलं ते हे, की फरशी बोटाच्या पेरानं वाजवून बघायची. खणखणली तर चांगली, थप्प वाजली तर आतून चिरलेली. मालक गेल्यावर दुकान मीच चालवलं. गिऱ्हाईक काही बी बोलू दे, दगडाबद्दल मला कुणी शिकवायचं न्हाई, असा माझा ताठा. तो ताठा ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

सर गावात आले ते उदगीरकडून. तिशीचा माणूस, अंगानं काटकुळा, बोलणं हळू. समाजाच्या मंगल कार्यालयात त्यांनी क्लास सुरू केला. संध्याकाळी पोराटोरांची कराटे, सकाळी बायांचा व्यायाम. पहिल्या आठवड्यात आम्ही चौघीच होतो. शाळेत शिक्षा म्हणून काढलेल्या उठाबशा या वयात हौसेनं काढायच्या, म्हणजे हद्द झाली. सासू म्हणायची, काय ही थेरं, घरात झाडू मारला तर ढेरी जाती. पण माझे गुडघे धरले होते, शुगर निघाली होती, आणि खरं सांगायचं तर त्या तासाभरात मला कुणी फरशीचा भाव विचारत न्हवतं. हळूहळू आम्ही वीस-बावीस जणी झालो. ओढणी कंबरेला बांधून उड्या मारायचो आणि धापा टाकत हसायचो.

माझी एकुलती एक पोर संध्याकाळच्या क्लासला. आठवीपासून जायची. एकोणिसाव्या वर्षी तिनं काळा पट्टा मिळवला आणि कॉन्स्टेबलची लेखी परीक्षा पास झाली. दीड महिन्यावर मैदानी चाचणी होती. धावणं, उडी, गोळाफेक. रोज पहाटे ती भालकी रस्त्यानं पळत जायची आणि परत येऊन दुकानाच्या पायरीवर बसून नाडी मोजायची. आमच्या घराण्यात तराजू धरलेले हाईत, नांगर धरलेले हाईत, अंगावर वर्दी कुणाच्याच चढली न्हाई. तिनं शिंप्याकडं जाऊन खाकी कापड कसं बसतं ते बघून सुद्धा ठेवलं होतं. मी वरवर म्हणायची, बघू बाई, आधी लाग तर खरी. मनात मात्र तिला वर्दीत किती येळा बघून झालं होतं.

बसव जयंतीला मंगल कार्यालयाच्या अंगणात कराटेचं प्रात्यक्षिक दरसाल व्हायचं. पोरं कवलं फोडायची, लाथा दाखवायची, आणि शेवटी फरशीचा खेळ. एक जण दोन खुर्च्यांवर आडवा पडायचा, छातीवर फरशी ठेवायची, आणि सर घनानं ती फोडायचे. खालचा माणूस उठून हात जोडायचा, टाळ्याच टाळ्या. आमच्याकडं एक रीत पडली होती. सकाळीच फरशीची पूजा करायची, तिला विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, बेल वाहायचा आणि भगव्या कापडात गुंडाळून ठेवायची. मंग घन पडेस्तोवर ते कापड काढायचं न्हाई. छातीवर ठेवली तरी कापडासकट.

त्या साली खाली पडायला सरांनी माझ्या पोरीला निवडलं. तिची चाचणी जवळ आलीय, गावासमोर तिचा सन्मान व्हावा, असं त्यांचं म्हणणं. दरसाल फरशी भालकीहून यायची, यंदा आदल्या आठवड्यात ते निवडायला आमच्याच दुकानात आले. मी पाऊण इंची दाखवली. त्यांनी मान हलवली आणि कोपऱ्यातली तीन इंची लादी बोटानं दाखवली. मी म्हणलं, सर, ही चार जणींनी उचलावी लागती, पोरीच्या बरगड्या हाईत की लोखंडाच्या सळया. ते हसले न्हाईत. समजावून सांगायला लागले.

"अक्का, जाड फरशी मार स्वतः खाती. जड असती म्हून जाग्यावर बसून राहती. पातळ फरशी पटकन फुटती आणि घन खाली सोडती. जेवढी जाड तेवढी पोर सुरक्षित."

"दगड मला शिकवायलाव व्हय, सर?" मी म्हणलं. "माझी उमर गेली ह्यात."

त्यांनी तीन इंचीवर खडूनं खूण केली आणि गेले.

मी काय विचार केला ते सांगते. आमच्या दुकानात पातळ फरशी जरा टेकवली तरी फुटती, उतरवताना हमालाच्या हातात फुटती. लवकर फुटली म्हणजे मार हलका, असा माझा हिशोब. आणि सर तरी कोण? कराटेचा माणूस, त्याला दगडाचं काय कळतंय. जाड लादीनं गावात त्याचं नाव होणार, ते माझ्या पोरीच्या छातीवर कामून? ही माझी अक्कल.

जयंतीच्या सकाळी पूजेची तयारी आम्हा सकाळच्या बायांकडंच होती. सर तव्हा पाहुण्यांच्या खुर्च्या लावायलेले. मी दुकानातून पाऊण इंची फरशी आणून ठेवली आणि जाड लादी कार्यालयाच्या मागं भिंतीला लावली. सोबतच्या तिघी बघायलेल्या. एकीनं विचारलं, ही कशी काय? मी पटकन बोलून गेले, सरांनीच बदलायला सांगितलंय. का बोलले ते आजही मला सांगता येत न्हाई. वाद नको, एवढंच असंल. विभूती ओढली, बेल वाहिला, कापड गुंडाळलं. सरांना फुगवटा जाड दिसावा म्हून आत दोन पोती बी घातली. एवढं डोकं मी चालवलं.

दुपारी पाहुण्यांचे सत्कार लांबले. शाली, नारळ, भाषणं. सरांना बी स्टेजवर बोलावून शाल घातली, तिथूनच ते थेट घन घेऊन खाली आले. तोवर आम्ही चौघींनी फरशी उचलून पोरीच्या छातीवर ठेवली होती. चौघींची गरजच न्हवती, दोघींना झाली असती. मी तोंड दाबून हसले. पोरीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि मी डोळ्यांनीच तिला म्हणलं, भिऊ नको.

सरांनी घन उचलला आणि नेहमीसारखा पुऱ्या ताकदीनं मारला. आवाज वेगळा झाला. खणखणीत न्हाई, बारीक, खापरी फुटल्यासारखा, आणि त्याच्या मागून दुसरा एक आवाज, जो मी कुणाला सांगू शकत न्हाई. लोकांनी टाळ्या सुरू केल्या होत्या. सरांनी घन टाकून दिला आणि गुडघ्यावर बसले. पोरीच्या तोंडातून फेसाळलेलं रक्त आलं.

बिदरला नेलं. तीन बरगड्या मोडल्या होत्या, एक फुफ्फुसात शिरली होती. ऑपरेशन झालं, संसर्ग झाला, पुन्हा उघडावं लागलं. पोर जगली. चाचणीच्या दिवशी ती दवाखान्यात बसून नळीनं श्वास आत ओढून डबीतले तीन मणी वर चढवायची कोशिश करायलेली. एकच मणी चढायचा. डॉक्टर म्हणाले, चालणं-फिरणं होईल, पळणं आता न्हाई.

दवाखान्याच्या व्हरांड्यात गावचे लोक जमलेले. त्या तिघींपैकी एकीनं सगळ्यांसमोर सांगितलं, पातळ फरशी सरांनीच मागवली होती. तिनं काही खोटं सांगितलं न्हाई, मी तिला जे सांगितलं तेच सांगितलं. सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी त्या बाईकडं बघितलं न्हाई, माझ्याकडं बघितलं. मी पदर तोंडाला लावला आणि रडले. रडणं खरं होतं, पण तोंड झाकायला त्याची मदत बी झाली. सर एक शब्द बोलले न्हाईत. महिन्याभरात कार्यालयाच्या कमिटीनं क्लास बंद केला, पोरांच्या बापांनी त्यांना रस्त्यात अडवून नको ते बोलून घेतलं, आणि ते गाव सोडून गेले. आम्ही सकाळच्या बाया पुन्हा आपापल्या घरात झाडू मारायला लागलो.

दोन वर्षं मी ते पोटात घेऊन दुकानात बसले. पोर समोर बसून पावत्या लिहायची. चार पायऱ्या चढली की थांबायची, आणि मी दुसरीकडं बघायची. शेवटी राहवलं न्हाई. उदगीरची बस धरली. सर एका गोदामाबाहेर निळ्या शर्टात बसले होते, वॉचमन म्हून. इकडची गोष्ट तिकडं पोचायला किती येळ लागतोय, क्लासला पोरं कोण पाठवणार. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मला माहीत होतं, अक्का. तुकडे मीच गोळा केले होते," ते म्हणाले. "पोरीला सांगितलंत का?"

मी न्हाई म्हून मान हलवली.

"मंग मला सांगून काय होणार."

त्याच दिवशी परत आले. दिवेलागणीला पोर दुकानात एकटी होती. मी तिच्यासमोर बसून आधी रडायला लागले, तर ती म्हणाली, आधी बोल, मंग रड. म्हून बोलले. तीन इंची लादी, पोती, तिघींना मारलेली थाप, व्हरांड्यातला पदर, काही ठेवलं न्हाई. ती पावती पुस्तकाकडं बघत ऐकत होती.

"अंगावर ठेवली तव्हाच मला कळलं होतं, हलकी हाय म्हून," ती म्हणाली. "ओरडणारच होते. तुझ्याकडं बघितलं तर तू हसायलेलीस. मला वाटलं, अव्वाचा दगड हाय, अव्वानं वाजवून बघितला असंल."

मला वाटलं ती शिव्या देईल, निदान उठून जाईल. ती तिथंच बसली. दम घेऊन मंग म्हणाली, दोन वर्षं वाट बघायले, तू कधी सांगतीस. मला सांगून झालं. आता येत्या जयंतीला त्याच अंगणात उभी राहा आणि गावाला सांग, सरांनी न्हाई, मी केलं.

मी व्हय म्हणलं. मनापासून म्हणलं.

जयंती आली. स्टेज तेच, माईक तोच. नाचाची पोरं झाली, भाषणं झाली, मंग अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे का. पोर पहिल्या ओळीत बसली होती. मी प्रसादाच्या हुग्गीचं, गव्हाच्या खिरीचं, पातेलं धरून स्टेजच्या पायऱ्यांपाशी उभी. ज्यांच्या घरात माझी फरशी हाय ते सगळे समोर बसलेले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मंग काढून घेतला आणि पंगतीत वाढायला गेले.

एकेका ताटात पळी टाकत शेवटी पोरीपर्यंत आले. तिनं ताटावर हात आडवा धरला.