रसूलचाचांनी निवडलेले प्लग

पेट्रोलचा वास आला की मला दुष्काळातली कुर्डुवाडी आठवते. जेऊरला खडी फोडणाऱ्या बायांना प्यायला पाणी नव्हतं. त्यांच्या अंगठ्यांचा अर्ज माझ्या पिशवीत होता, जेऊरला आलेला सरकारी साहेब दुपारी निघून जाणार होता आणि आमची जीप कुर्डुवाडीतच आचके देत बंद पडली.

इंजिनाचे स्पार्क प्लग गेले होते; दुकानातले लांब, चकचकीत प्लग मी झटकन उचलले. मिस्त्री रसूलचाचांनी जुना काळवंडलेला प्लग नव्याच्या शेजारी धरून पाहिला.

"ह्यो लांब हाय. पिस्टनवर आपटंल की!"

"चाचा, उशीर होतोय!"

"मग इंजिन फोडून लवकर पोचनार व्हय?"

त्यांनी आखूड प्लग निवडले, हातानंच फिरवून आटे नीट बसवले, मग पाना लावला.

जेऊरला साहेब गाडीत बसत असतानाच मी अर्ज त्याच्या हातात कोंबला. सरकारनं दिरंगाई केली, मी नुसती घाई. त्या दिवशी नीट काम केलं ते एकट्या चाचांनी.