‘तपासले’ म्हणून केलेली सही

हातमोज्याचं बोट आत राहिलं, माझं बाहेर आलं. चाकणच्या कंपनीतली ती दुपारची शिफ्ट आठवली की अजून हात आपसूक पोटाशी येतो.

पत्रा दाबून आकार देणाऱ्या त्या प्रेसवर सकाळच्या शिफ्टला बिदरकडचे एक अण्णा असत. मी देगलूरकडचा, नववीत शाळा सोडलेला. इथे कुणी ओळखीचं नव्हतं तेव्हा त्यांनीच मला दिघीतल्या त्यांच्या खोलीत घेतलं. ती प्रेस पायाच्या पेडलवर चालते. तोंडासमोर सेन्सरचा न दिसणारा पडदा असतो, हात आत गेला की मशीन जागीच थांबलं पाहिजे. शिफ्ट बदलताना येणाऱ्याने लाकडी पट्टी आत घालून बघायचं, मग रजिस्टरवर ‘तपासले’ लिहून सही करायची. नियम हा. रीत वेगळी होती. जाणारा सांगायचा, येणारा सही करायचा. मोठ्या माणसाने सांगितल्यावर त्याच्यासमोर पट्टी घालणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असं मला वाटायचं.

त्या दिवशी सकाळी सेन्सर बिघडला होता आणि मेंटेनन्सवाला येऊन गेला होता. डबा उचलत अण्णा म्हणाले, “तम्मा, सेन्सर चालू है बोलके.” तम्मा म्हणजे कन्नडात धाकटा भाऊ. मी सही केली.

तिसराच पत्रा तिरका बसला. सरळ करायला हात घातला, आणि पाय पेडलवर पडला. प्रेस थांबली नाही. दारापर्यंत गेलेले अण्णा कसे पोचले कोण जाणे. कॉलर धरून त्यांनी मला मागे फेकलं.

सुपरवायझर चाकणच्याच जुन्या गावातले. धावत आले. “कुनी बघितलं होतं?”

मी म्हणालो, “चालू आहे म्हणून सांगितलं, साहेब.”

“कुनी?”

अण्णा पांढरेफटक पडले होते. “मेंटेनन्सवाला… हो गया बोलके.”

सुपरवायझरनी मेंटेनन्सवाल्याला फोन लावला. “वायर जोडली साहेब. चालू झाला असेल म्हणून निघालो.”

“म्हंजे बघितलं कुनीच न्हाई! राव, नुसत्या बोलण्यावर प्रेस चालवताय व्हय?”

भूक लागली म्हणून जेवलो, काम मिळतंय म्हणून आलो, असं जन्मभर बोलत आलो. त्यातल्या ‘म्हणून’मध्ये कोण कुणाला काय म्हणतं, हे कधी मनात आलं नव्हतं. अण्णांच्या कन्नडात ‘म्हणून’च्या जागी ‘अंत’ येतं, आमच्या शिवेपलीकडच्या तेलुगूत ‘अनि’, अण्णांच्या हिंदीत ‘बोलके’. सगळीकडे मुळात ‘म्हणणं’च, पण झिजून झिजून नुसता सांधा झालेलं. आम्ही तिघांनी एकाला एक वाक्य जोडलं होतं, आणि डोळे एकाचेही लावले नव्हते.

सुपरवायझरनी अण्णांकडे बघत कागद काढला. “चुकीचं सांगितलं यांनी. उद्यापास्नं यांना ठेकेदाराकडं परत.”

अण्णा माझ्या फाटक्या मोज्याकडेच बघत होते.

नोकरी गेली तर घरी काय सांगू, ही भीती होतीच. तरी बोललो, “साहेब, सही माझी आहे. पट्टी मी घातली नाही.”

“लिहून दे.”

दिलं. ‘मी तपासले नाही.’ तीनच शब्द. मला पंधरा दिवस मशीनवरून काढून झाडूकामाला लावलं. अण्णा राहिले.

परत प्रेसवर आलो त्या दिवसापासून अण्णा शिफ्ट सोडताना सेन्सरबद्दल चकार शब्द काढत नाहीत. पट्टी माझ्या हातात देतात, आणि मी ती आत घालून मशीन थांबेपर्यंत डब्याला हात लावत नाहीत.