आठवा कॉम्प्युटर

मुलुंडला सुनंदा सावंत यांचा टायपिंगचा क्लास आहे. झाली की आता तीस वर्षं! आधी टाइपरायटर होते, आता आठ कॉम्प्युटर. यंत्रं बदलली, बाई मात्र जशाच्या तशा. "एक कळ, एक ठोका. बडवायचं असेल तर घरी जाऊन चटणी कुटा!" हे ऐकल्याशिवाय त्या क्लासातून एकही मुलगी पास झालेली नाही.

आणि नेमकी तपासणी दोन दिवसांवर आली असताना आठवा कॉम्प्युटर बसला. साहेबांना आठच्या आठ चालू दिसले नाहीत तर क्लासची मान्यता लटकणार. नेहमीचा दुरुस्तीवाला सहदेव गावी गेलेला, त्याचा फोन बंद. आता आली का पंचाईत! बाईंनी पवईला नोकरी करणाऱ्या भाच्याला, नितेशला फोन लावला.

"आत्या, सिस्टिम नव्याने टाकावी लागेल. त्यासाठीचा पेनड्राइव्ह तूच बनव ना. मी सांगतो."

बाईंनी पदर खोचला. नितेशने सांगितलेली सिस्टिमची फाइल इंटरनेटवरून उतरवून त्यांनी गाणी भरतात तशी पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली. कॉम्प्युटर ढिम्म! काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नुसती तक्रार. नितेश पोट धरून हसला. त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम असतो म्हणे, तो आधी पेनड्राइव्ह पुसतो आणि मग फाइल नीट बसवतो. "मेल्या, हे आधी सांगूक काय झाला होता?" असं म्हणून बाईंनी तेही केलं. शंभर टक्के होईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. तरी आठव्यावर तीच पांढऱ्या अक्षरांतली तक्रार. दुसरा पेनड्राइव्ह घेतला, तेच. पेनड्राइव्ह लावायची खाच बदलली, तेच. समोर सकाळची बॅच बसलेली. मुलींदेखत हात टेकायचे म्हणजे बाईंना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी नितेशने व्हिडिओ कॉल केला. मोबाइल धरायला बॅचमधली मानसी उभी राहिली. बाईंनी कॉम्प्युटर चालू केला आणि पेनड्राइव्ह निवडायची यादी यावी म्हणून एफ-ट्वेल्व्हवर बोट अलगद टेकवून मागे घेतलं.

"थांब, थांब! कितीदा दाबलंस?"

"एकदा."

"एकदाच? अगं, नेमकं कधी दाबायचं ते कुणालाच पकडता येत नाही. चालू केल्या केल्या टकटकटकटक दाबत राहायचं!"

"म्हणजे बडवायचं?"

"बडव!"

"कुणी बघायचं नाही," बाईंनी हुकूम सोडला आणि अर्थातच सगळ्या टक लावून बघू लागल्या. बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि दे दणादण सुरू केलं. पडद्यावर यादी आली. यादीत पेनड्राइव्हचं नाव! एंटर मारल्यावर सिस्टिम टाकायचा निळा पडदा उजळला, तशा मुली टाळ्या पिटत उठल्या.

"पेनड्राइव्ह बिचारे धडच होते गं," बाई हसत म्हणाल्या. "माझीच बोटं सोवळी!" इतका आनंद त्यांना पहिली बॅच पास झाली तेव्हाच झाला होता.

दोन दिवसांनी तपासणीचे साहेब आठही कॉम्प्युटर स्वतः चालवून बघून खुर्चीत टेकले. फॉर्म भरता भरता त्यांनी विचारलं, "देखभाल-दुरुस्ती कोण करतं? नाव सांगा."

दरवर्षी बाई सहदेवचं नाव सांगत. ते अगदी ओठावर आलं होतं.

"लिहा, सुनंदा सावंत."

साहेबांनी मान वर केली. "म्हणजे तुम्ही?"

"म्हणजे मीच," बाई म्हणाल्या.