अण्णांची वाव

आमच्या घरात कॉलेज पास झालेला पहिला मीच, आणि हे तेव्हा मी कुणी न विचारताही सांगत असे.

वडील, म्हणजे अण्णा, उज्जैनच्या एका सरकारी कचेरीत चपराशी. भैरवगढच्या रस्त्यावरच्या सहा विहिरींचं पाणी किती खोल गेलं, ते दर महिन्याला मोजायचं. दगड बांधलेली दोरी सोडायची, पाण्याला टेकली की काठाशी पकडायची, आणि वर ओढून हात पसरत मोजायची. दोन्ही हात पसरले की एक वाव. लिहिता येत नसे. वहीत महिन्याला एक पान, विहिरीला एक ओळ; वावेला उभी रेघ, वितेला टिंब.

छप्पन्न साली मध्य भारत राज्य जाऊन मध्य प्रदेश झालं तेव्हा मी त्याच कचेरीत बाबू होतो. नव्या राजधानीहून, भोपाळहून, कागद आला: दुसऱ्याला वाचता येईल तेवढंच दप्तर पाठवा, बाकी रद्दीत. साहेबांनी अण्णांची नऊ वर्षांची वही रद्दीच्या ढिगावर ठेवली. मी आठ दिवस मागून घेतले.

"अण्णा, वाव म्हणजे किती फूट?"

"वाव म्हणजे वाव. बी.ए.त शिकवलं नाही?"

आईने शिवणाचा टेप आणला. अण्णा भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभे राहिले.

"छाती काय फुगवता? विहिरीवर फुगवता का?" आई म्हणाली.

पाच फूट पाच इंच. वीतही मोजली. मी झोकात तक्ता केला आणि वाचून दाखवला.

"आणि रेघांपुढचे गोल कुठे गेले?" अण्णांनी विचारलं.

"कुठे कुठे उगीच काढले होते, ते गाळले."

"उगीच? अरे भल्या माणसा, त्या दिवशी माझ्याआधी मोट चालली होती. पाणी आपणहून थोडंच उतरलं!"

बी.ए.ने पेन उचललं. तक्ता पुन्हा केला. पहिल्या पानावर सगळं लिहिलं: कुणी मोजलं, कुठून, वाव केवढी, गोल म्हणजे काय. मग शेजारच्या हिंदीभाषी बाबूला काही न सांगता तो वाचायला दिला.

"तीन नंबर का कुआँ, जेठ में, पानी पहले से निकला हुआ," त्याने घडाघडा वाचलं. "पर ये पाँच फुट पाँच इंच वाला है कौन?"

"मेरे पिताजी," मी जरा मोठ्यानेच म्हटलं.

साहेबांनी तक्ता पाहिला, वही त्याला जोडली आणि भोपाळच्या गठ्ठ्यात घातली.

वर्षभराने अण्णा निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेला गडी चांगला ताडमाड. दोरी हातात देण्याआधी अण्णांनी त्याला भिंतीशी उभं केलं आणि आईचा टेप काढला.

"लंबू, पहले तू नप. कुआँ बाद में."