दाढ नव्हे, शीर

त्या वर्षी मी गावदेवीवर रुसले होते. बोनकोड्यात आमचं घर देवळाला लागूनच. दर मंगळवारी तिथे बायकांचं भजन व्हायचं आणि पहिला सूर माझा असायचा. मग उजव्या गालात कळ येऊ लागली. वीज चमकावी तशी, दोन-चार क्षणांचीच, पण हातातला घास खाली पडायचा. बोलताना, चूळ भरताना, पंख्याचा वारा लागला तरी यायची. दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन दोन दाढा काढून घेतल्या. कळ होती तिथेच. मंगळवारी मी खिडकीशी ओठ मिटून बसायची. भजन कानावर आलं की जीव तुटायचा. देवीला मनात म्हणायची, आई, एवढं एकच माझ्याजवळ होतं, तेच कसं नेलंस?

तिसरी दाढ काढायला सुनेबरोबर गेले. नंबराची वाट बघताना एसीचा वारा आला आणि मी होते तशी थिजले. हात गालाजवळ नेला, पण टेकवायची हिंमत झाली नाही. शेजारी बुरख्यातली एक वयस्कर बाई होती, नातीला घेऊन आलेली. तिने सुनेला हळूच विचारलं, वारा लागला, चावलं की अशीच कळ येते का, आणि मधल्या वेळात काहीच नसतं का. सून हो म्हणाली. तशी ती माझ्याकडे वळली.

"दाढ काढू नको, बाय. हा दात नाय, शीर हाय. माझ्या चार गेल्या तेव्हा समजलं. नसांच्या डॉक्टरला दाखव."

तेवढ्यात तिच्या नातीला आत बोलावलं. मी उठून उभी राहिले. नंबर जाईल, असं सून म्हणाली. मी म्हटलं, जाऊ दे.

नसांच्या डॉक्टरांनी आधी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एमआरआय झाल्यावर समजावलं, चेहऱ्याच्या नसेवर एक रक्तवाहिनी दाबते आहे. हा आजार फारसा आढळत नाही, म्हणून दाताचा समजला जातो. गोळी दिली ती फिट येणाऱ्यांना देतात ती. सुरुवातीला गुंगी यायची, पण दोन आठवड्यांत मी पोटभर जेवले आणि जेवता जेवता रडले.

कळ अजून अधूनमधून डोकावते. पुढे ऑपरेशन लागेल की नाही, ठाऊक नाही. भजनात मी मागे बसून हलक्या आवाजात गाते.

त्या बाईला शोधायला मी तीनदा त्या दवाखान्यात गेले. नाव विचारलं नव्हतं, त्यामुळे कुणाला सांगता येईना. मी देवीवर रुसून बसले होते, तेव्हा तिने त्या बाईला माझ्या शेजारी आणून बसवलं होतं, असं मला वाटतं. आता रुसवा उरला नाही. एकदा त्या बाईचे हात हातात घ्यावेत, एवढी ओढ मात्र आहे. तीही मी आईच्या पायाशी ठेवली आहे.