स्वर्गात राहता तुम्ही
कुणाच्या गाडीत त्या विकतच्या सुगंधी डबीचा लिंबाचा वास आला की अजून मी आधी काच खाली करते. घाटातल्या कणकुंबीच्या आमच्या घरात आम्ही तेव्हा नुकत्याच दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागलो होतो, आणि बेळगावचं एक जोडपं राहायला आलं होतं. सकाळी गच्च धुकं होतं, परसातल्या फणसाची पानं ठिबकत होती. चहाचा कप हातात धरून बाई म्हणाल्या, "खरंच हो, स्वर्गात राहता तुम्ही!" तेवढ्यात आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, पोरगीला बघ लौकर!" तीन वर्षांची माझी लेक श्वासासाठी तडफडत होती, ओठ निळे पडले होते. नवरा परगावी, फोनला रेंज नाही. "आक्का, तुमची गाडी काढा," एवढंच मला बोलता आलं. त्यांच्या यजमानांनी गाडी काढली, पण धुक्यात पुढचं वळणसुद्धा दिसेना. मागच्या सीटवर, त्या लिंबाच्या वासात, मी लेकीच्या छातीला कान लावून बसले होते. एकदा श्वास थांबलाच असं वाटलं आणि मी किंचाळले. बाईंनी मागं वळून माझा हात घट्ट धरला, तो खानापूरचा दवाखाना येईपर्यंत सोडला नाही. डॉक्टरांनी तिला ऑक्सिजनचा मास्क लावला. तासाभरानं ओठांना रंग आला आणि लेक "पाणी" म्हणाली, तेव्हा मी पेला भरायला उठले. आता ती दहावीत आहे. पाहुणे अजून येतात, अंगणात उभे राहून स्वर्ग म्हणतात. मीही हसून व्हय म्हणते, आणि त्यांची गाडी रस्त्याकडे तोंड करूनच लावायला सांगते.