भाऊजींचे तोरण

मुलांनो, आमच्या भाऊजींइतका गुपित जपणारा माणूस साऱ्या सौसर तालुक्यात झाला नाही, आणि ज्याचे गुपित एका दुपारी अख्ख्या गावाला लाउडस्पीकरवरून कळले असाही दुसरा झाला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. लोधीखेड्याजवळ त्यांची संत्र्याची बाग आणि गोठा आहे. त्यांचे वैर जगात एकाच जिवाशी, गोचिडाशी. गोचीड म्हणजे गुरांच्या अंगाला चिकटून रक्त पिणारा किडा. पिऊन फुगला की एरंडीच्या बीएवढा होतो. त्याच्यामुळे ताप भरून चांगली दुभती गाय बघता बघता आडवी होते. भाऊजींची अशी एक लाडकी गाय गेली, तेव्हापासून खिशात काचेची बाटली आली. दिसेल त्या गुराच्या कानामागचे गोचीड काढायचे आणि बाटलीत टाकायचे. तुमच्या आईच्या लग्नात त्यांनी ती पंगतीत ताटाशेजारी काढून ठेवली होती. तुमच्या दुसऱ्या आजोबांनी बडीशेप समजून हात पुढे केला, तेव्हा भाऊजी अभिमानाने म्हणाले, "घ्या, पाहा. आजचीच आहे."

मग त्यांनी यंत्र बनवले. गोठ्याच्या दारावर आडवी ठिबकची नळी आणि तिला लोंबणारे जाड सुती पदर. नळीत कडुनिंबाचे नि करंजीचे तेल, त्यात संत्र्याच्या सालींचा अर्क. गाय खालून गेली की तिच्या पाठीने पदर ओढले जात, वरची खटकी उघडे आणि हवे तेवढेच तेल झिरपे. गाय आपल्या हाताने औषध लावून घेते, असे भाऊजी म्हणत. याचे पेटंट घ्यायचेच, हा त्यांचा हट्ट. नागपूरच्या वकिलाने बजावले की अर्ज पोळ्यानंतर जाईल, तोवर कोणाला दाखवू नका. लोकांनी आधीच पाहिलेली वस्तू नवी धरत नाहीत. झाले! गोठ्याच्या दाराला ताईचे लुगडे लागले. फोनवर यंत्राला ते 'पाहुणे' म्हणू लागले: "पाहुणे आज जरा जास्तच गळून राहिले." एकदा तर घोंगडी पांघरून ते स्वतःच चार पायांवर खालून जाताना ताईला सापडले. "लोकांच्या बायकांले सवत असते," ती म्हणाली, "मले ही नळी आहे व बाई." मी दाखवा म्हटले तर म्हणाले, "बाई, तुम्ही इंग्रजी शिकलेल्या. तुम्हाले समजून जाईल, म्हणूनच नाही दाखवत."

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या वामनरावांची गाय गोचीडतापाने बसली. गुरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. गाय वाचेल, पण एकाच गोठ्याची सफाई करून काही होणार नाही, साऱ्या गावाने मनावर घ्यायला हवे, असे सांगून ते गेले. मी सणासाठी ताईकडेच होते. भाऊजी ताटावर नुसते बसले.

"काऊन जी, जेवत काऊन नाही?" ताईने विचारले.

"विचार करून राहिलो."

तिने ओळखले. "पोळा होऊ द्या ना. कागद एकदा जाऊ द्या. इतके दिवस थांबले."

"मी थांबलो, पण गोचीड थांबते का? सारं गाव एका जागी कधी भेटते मले?"

दुसऱ्या दिवशी बैल जमले, तेव्हा आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली भाऊजींचे तेलकट पदर लोंबत होते. पहिलीच जोडी सरपंचांची. "अहो, झूल खराब होते माझी!" "मग झूल काढा, बैल थोडीच खराब होते!" ज्या माइकवर झडत्या, म्हणजे पोळ्याची कवने, म्हणायच्या, तो भाऊजींनी हातात घेतला आणि भोक कुठे पाडायचे, खटकी कशी बसवायची, तेल किती घालायचे, सगळे खणखणीत सांगितले. पोरांनी मोबाइलवर काढले. दिवेलागणीपर्यंत ते पांढुर्ण्याला पोहोचलेही होते.

वकील फोनवर कपाळ बडवून घेत होता. सरकारमान्य प्रदर्शनात दाखवले असते तर काही सूट तरी मिळाली असती, म्हणाला. भाऊजींनी लगेच पकडले, "पोळ्याची सुट्टी कोण देते? सरकारच ना? मग झालं की सरकारी!" यावर ते बराच वेळ भांडले आणि हरले. त्या रात्री त्यांनी गोठ्याच्या दाराचे लुगडे काढले, घडी घातली आणि ताईला परत दिले. 

आता इकडे बहुतेक गोठ्यांत ते तेलाचे तोरण आहे. कोणी बनवले, हे फारसे कोणाला ठाऊक नाही. पांढुर्ण्याच्या बाजारात एका दुकानदाराने खुद्द भाऊजींनाच ते कसे चालते हे समजावून सांगितले. भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतले. "खटकी उलटी लावली तुम्ही," एवढेच म्हणाले आणि स्वतः सरळ करून दिली.

यंदा गुडघ्यांमुळे भाऊजी पोळ्याला गेले नाहीत. संध्याकाळी वामनराव आपली जोडी पूजेला दारात घेऊन आले. ताई ओवाळत होती. भाऊजी खुर्चीतून वाकले आणि बैलांच्या कानामागे, मानेखाली लोंबणाऱ्या पोळीत, शेपटीच्या मुळाशी हात फिरवत राहिले. दुसऱ्या हातात बाटली तयार होती.

"भेटलं का जी काही?" वामनरावांनी विचारले.

"नाही ना बाप्पा," भाऊजी म्हणाले, काहीतरी हरवल्यासारखे. बैलांच्या अंगचे तेल लागलेला हात त्यांनी हळूच नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि रिकामी बाटली परत खिशात ठेवली.